वसईचे तीन तह आणि एक कलम

मराठी वाचकासमोर ‘वसईचा तह’ हे दोन शब्द उच्चारले की ३१ डिसेंबर १८०२ हीच तारीख त्याच्या मनात येते. दुसरा बाजीराव पुण्याहून निघाला, वसईला इंग्रजांच्या आश्रयाला आला, तैनाती फौज पदरी घेतली आणि राज्य गहाण टाकून बसला, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्याआधी २६८ वर्षे, डिसेंबर १५३४ मध्ये, हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. तोही वसईचा तहच. आणि या दोहोंच्या मध्ये, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पा आणि किल्ल्यातला पोर्तुगीज सेनाधिकारी यांच्यात शरणागतीचा करार झाला. त्याला मात्र मराठीत नाव नाही. आपण ‘वसईचा विजय’ म्हणतो, ‘वसईची मोहीम’ म्हणतो. ज्या तहाने आपण राज्य घालवले त्याचे नाव तोंडपाठ आहे. ज्या तहाने पोर्तुगीजांचा अख्खा उत्तर प्रांत हाती आला, त्यात काय लिहिले होते हे विचारले तर चांगले वाचन असलेला माणूसही गप्प होतो.

या लेखाचा विषय ती मोहीम आहे, पण मोहिमेपेक्षा अधिक, तिच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले ते आहे. मी कळंबचा. वसईहून निर्मळ ओलांडून समुद्राकडे यावे, तर सुरूच्या झाडांमागे आमचे गाव लागते. दक्षिणेला वसईचा किल्ला, उत्तरेला राजोडी, नवापूर आणि त्यापुढे पाण्यात अर्नाळ्याचे बेट. १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत जे काही घडले त्याची दोन टोके आमच्या गावाच्या दोन बाजूंना आहेत. अर्नाळा मराठ्यांनी मोहिमेच्या पहिल्याच आठवड्यात घेतला, वसई सर्वांत शेवटी पडली. मधल्या पट्टीत केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या, आणि त्या कसणारी माणसे होती. ती माणसे या वाङ्मयात कुठे आहेत, हा प्रश्न मला हे सारे वाचताना सतत पडत आला.

सुरुवात कारणांपासून करू, कारण तिथेच प्रत्येक लेखकाचा पाय कुठे रोवलेला आहे ते कळते. ‘साष्टीची बखर’ ही अंजूरकर नाइकांच्या बाजूने सांगितलेली कथा. तिच्यात युद्धाचे मूळ पुण्यात नाही, दिल्लीत तर नाहीच. ते भिवंडीजवळच्या अंजूर गावात आहे. फिरंग्यांच्या अमलात धर्मकृत्ये करता येत नाहीत, देवळे गेली, या दुःखाने पेटलेला गंगाजी नाईक चिंचवडच्या देवांकडे जातो, पेशव्यांकडे खेटे घालतो, वर्षानुवर्षे माणसे जोडतो. बखरीत नवस, दृष्टांत आहेतच, पण त्यांच्या आड एक खरी गोष्ट आहे : ही मोहीम वरून आज्ञा सुटली म्हणून झाली नाही, स्थानिक लोकांनी ती मागून घेतली. वाटा, ओहोट्या, उतार दाखवणारी माणसे आतली होती.

सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’त हेच युद्ध बाजीरावाच्या राजकारणाचा एक भाग होते. आंग्र्यांच्या भाऊबंदकीत पोर्तुगीजांनी घातलेला हात, सिद्दीशी त्यांचे संगनमत, कल्याण-भिवंडीच्या उंबरठ्यावर बसलेली परकी सत्ता, ठाण्याला त्यांनी चालवलेले नव्या किल्ल्याचे बांधकाम. साष्टीत वखारीसाठी जागा मागायला गेलेल्या मराठी वकिलासमोर उत्तर प्रांताचा जनरल लुईस बोतेल्यो याने बाजीरावाच्या रंगावरून अपशब्द काढले, ही हकिकतही याच प्रवाहात सांगितली जाते. ती खरी असो वा रंगवलेली, युद्ध अपशब्दाने होत नाही. ठाण्याचा किल्ला पुरा होण्याआधी ठाणे घ्यायचे, हे गणित अपशब्दाहून जड होते.

तिसरा सांगणारा आपल्याकडे कमी वाचला जातो. डॉ. जोसेफ गर्सन द कुन्या हा मुंबईत राहणारा गोमंतकीय ख्रिस्ती वैद्य. त्याने १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तो पोर्तुगीजांचे गुणगान करील या अपेक्षेने ते उघडावे, तर तो त्यांच्या ऐषारामाचे, लाचखोरीचे, धर्मसंस्थांच्या हाती साठलेल्या जमिनींचे वर्णन हात राखून करत नाही. पडकी तटबंदी आणि अपुरे सैन्य घेऊन बसलेले साम्राज्य त्याला दिसते. तिकडे लिस्बनमध्ये पाचवा जुआँव ब्राझीलच्या सोन्यावर मोठमोठ्या वास्तू उभारत होता आणि पूर्वेकडचा मुलूख त्याच्या लेखी मागे पडला होता. तिन्ही सांगणारे एकत्र वाचले तरच कारणांचा हिशेब लागतो. धर्मछळ खरा होता : गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या ‘इन्क्विझिशन’चा हात या प्रांतापर्यंत पोचत होता आणि निर्मळसारखी तीर्थक्षेत्रे उद्ध्वस्त झाली होती. पण धर्मछळ दोनशे वर्षे होता आणि युद्ध १७३७ मध्येच झाले. त्या वर्षी ते का झाले याचे उत्तर बखर देत नाही, रियासत देते. ते कोणाच्या बळावर झाले याचे उत्तर रियासत पुरेसे देत नाही, बखर देते.

युद्धाच्या प्रत्यक्ष वाटचालीविषयी मात्र आपण नशीबवान आहोत. ‘पेशवे दप्तरा’तून निवडलेल्या कागदांचा सोळावा खंड सगळाच्या सगळा या मोहिमेचा आहे. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक अशाच कागदांवर उभे आहे. आणि गोव्याच्या दप्तरात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज बाजूची कागदपत्रे पुढे आणली. पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुस्तक जवळ नसेल, तर या विषयावर अर्ध्याच डोळ्याने वाचन होते.

ही पत्रे सलग वाचताना जी मोहीम दिसते ती आपल्या व्याख्यानांतल्या मोहिमेसारखी नाही. पहिला झपाटा खरोखरच विजेसारखा होता. मार्च १७३७ च्या अखेरीस ठाणे गेले, बोतेल्यो पळाला, साष्टी हाती आली, अर्नाळा आला. शंकराजी केशव, खंडोजी माणकर, रामचंद्र हरी ही नावे सतत येतात. त्याच दिवसांत बाजीराव दिल्लीच्या वेशीवर होता. पण मग सारे अडले. पावसाळ्यात वसईच्या तटाला शिड्या लावून घुसण्याचे प्रयत्न फसले. केळवे-माहीमचा वेढा पहिल्या खेपेस फसला. भोपाळला निजामाशी गाठ पडल्याने फौजा तिकडे गेल्या. १७३८ मध्ये गोव्याहून आलेल्या पेद्रो द मेलोने ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला आणि खाडीत तोफेच्या माऱ्यात तो मेला. ठाणे पुन्हा गेले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. या दीड वर्षाला आपली व्याख्याने दोन वाक्ये देतात.

डिसेंबर १७३८ नंतर चिमाजीअप्पा स्वतः उतरले तेव्हा युद्धाची रीतच बदलली. त्यांनी आधी वसईला हात घातला नाही. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी उत्तरेकडची ठाणी एकेक करून उचलली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव पडला. त्याच्या आईला पेशव्यांच्या घरून गेलेले सांत्वनाचे पत्र हा मराठी पत्रवाङ्मयातला हेलावून टाकणारा ऐवज आहे. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टी प्रांतात घुसून मडगाव घेऊन बसला होता. वसईला मदत पाठवावी तर गोवाच धोक्यात, अशी व्हाइसरॉय सांदोमिलच्या काउंटची कोंडी झाली. वसईचा वेढा चारशे किलोमीटर दूर गोव्यातही लढला जात होता. ही आखणी मला मोहिमेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते आणि ती सर्वांत कमी सांगितली जाते, कारण तिच्यात नाट्य नाही.

नाट्य कशात आहे? ‘किल्ला मिळत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका’ या आशयाच्या उद्गारात आहे. हा उद्गार प्रत्येक पोवाड्यात, प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात असतो. तो काढला गेला असेलही. पण वसई मस्तकाने पडली नाही, सुरुंगांनी पडली. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, फक्त उत्तरेकडून वाळूची वाट, आणि त्या वाळूत तोफांच्या माऱ्याखाली खंदक खणत, पाणी उपसत तटापर्यंत जाणारी माणसे. सेंट सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग ठासले गेले. काही वेळेवर उडाले, एक उशिरा उडाला आणि खिंडाराकडे धावलेली आपलीच माणसे त्याच्या दगडमातीत गाडली गेली. ग्रँट डफने दिलेला हिशेब असा, की मराठ्यांनी स्वतःचे पाच हजारांहून अधिक मेलेले-जखमी कबूल केले आणि पोर्तुगीजांनी आपले आठशे सांगितले. जिंकणाऱ्याचे नुकसान हरणाऱ्याच्या सहापट. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना चिमाजीअप्पांनी जे पत्र लिहिले त्यात विजयाचा आनंद आहे, पण असे युद्ध पूर्वी झाले नव्हते हा थकलेला सूरही आहे. त्या सुरंग्यांची, बेलदारांची नावे कागदांत क्वचित येतात.

इथे तारखांविषयी थोडे. मराठी पुस्तकांत किल्ला शरण आला ती तारीख ५ मे आणि पोर्तुगीज बाहेर पडले ती १२ मे अशी मिळते. द कुन्यात आणि पोर्तुगीज कागदांत तीच १६ आणि २३ मे आहे. अनेकांनी यावरून एकमेकांना चुकीचे ठरवले आहे. वास्तविक दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनगणना सोडली नाही, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवी घेतली होती. दोहोंत अठराव्या शतकात अकरा दिवसांचे अंतर. आपल्या संशोधकांनी शकाच्या तिथ्या इंग्रजी जुन्या गणनेत बसवल्या. उगाच वाद घालण्यापेक्षा वसईच्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकेत सरळ तिथी द्यावी, हे माझे आपले मत.

आता त्या कलमाकडे. वेढ्यात सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा मारला गेल्यावर काएतानो द सोझा परेराने शरणागतीची बोलणी केली. करार झाला तो असा : शिबंदीने शस्त्रांनिशी, ढोल वाजवत, निशाणे फडकावत बाहेर जावे. कुटुंबकबिला आणि चीजवस्तू न्यावी. त्यासाठी आठ दिवस. कैद्यांची सुटका. आणि जे ख्रिस्ती लोक आपखुशीने मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक.

हे शेवटचे कलम मराठीत जवळजवळ वाचलेच गेले नाही. त्याच्या जागी आपण एक गोष्ट बसवली आहे. वसईच्या पोर्तुगीज सरदाराची सुंदर बायको (कुठे मुलगी, कुठे सून) चिमाजीअप्पांच्या हाती लागली आणि त्यांनी तिला साडीचोळी देऊन मानाने परत पाठवले. ही गोष्ट ओळखीची वाटते, कारण कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या गोष्टीच्या साच्यात ती ओतलेली आहे. तह हातात घेऊन वाचला की तिला उभे राहायला जागा उरत नाही. सगळी शिबंदी बायकामुलांसह ढोल वाजवत बाहेर जाणार असे ठरले असताना, सरदाराची बायको पकडली कोणी आणि परत पाठवली कशी? तरीही गोष्टीचा प्रवास मोठा आहे. एका पक्षाने तिच्यावरून मराठ्यांच्या स्त्रीदाक्षिण्याचे गोडवे गायले. सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ मध्ये तिच्यावरूनच उलटा ठपका ठेवला, शत्रूच्या स्त्रियांशी असे औदार्य ही सद्गुणांची विकृती म्हणून. स्तुती करणारे आणि दोष देणारे, दोघांनीही गोष्ट खरी धरली. दोघांनीही तह उघडून पाहिला नाही.

माझा आक्षेप गोष्ट खोटी आहे एवढ्यापुरता नाही. लोक गोष्टी रचतात, त्यात वावगे काही नाही. आक्षेप असा की या गोष्टीने औदार्याचा हिशेब चुकवला. तिच्यातली बाई परकी आहे, एकटी आहे आणि शेवटी निघून जाते. ती गेली की आपल्यावर काही बाकी राहत नाही. कलमातली माणसे मात्र गेली नाहीत. ती निर्मळला, नंदाखालला, आगाशीला, पापडीला राहिली, पुढच्या पावसाळ्यात त्यांनी भात लावला आणि नव्या सुभ्याला सारा भरला. एका बाईला साडी नेसवणे सोपे, आपल्याहून वेगळ्या धर्माच्या शेकडो घरांना शेजारी म्हणून राहू देणे अवघड. चिमाजीअप्पांनी दुसरे लिहून दिले आणि आपण त्यांना पहिल्याचे श्रेय देतो.

ते कलम किती पाळले गेले? पुरते नाही. किल्ल्यातली चर्चे ओस पडून ढासळली, बहुतेक पाद्री गेले, त्यांच्या जागी हळूहळू गोव्याकडचे देशी धर्मगुरू आले. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल ओतलेले आजही वाचता येते, भीमाशंकरला, मेणवलीच्या घाटावरही तशाच घंटा टांगलेल्या आहेत. पेशवाईत काही ख्रिस्ती कुटुंबांना शुद्ध करून परत घेण्याचे प्रयत्नही झाले. चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीचा नवस फेडला, निर्मळचे देवस्थान पुन्हा उभे राहिले, आणि ज्यांची तीर्थे दोनशे वर्षे बंद होती त्यांना ते मिळायलाच हवे होते. एवढे सगळे होऊनही वसईचा ख्रिस्ती समाज टिकला. सामवेदी, वाडवळ अशा जुन्या ओळखी आणि बोली घेऊन टिकला. फादर फ्रान्सिस कोरियांचे ‘सामवेदी ख्रिस्ती समाज’ हे पुस्तक वाचताना जाणवते, की या घरांतले लग्नाचे विधी, गाणी, शेतीचे शब्द पोर्तुगीजांच्या आधीचे आहेत. नंदाखालला वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा विरोधाचे जे सूर उठले, त्यांत ख्रिस्ती माणूस म्हणजे १७३९ मध्ये हरलेल्या बाजूचा उरलेला तुकडा, असा हिशेब दडलेला होता. हा हिशेब आला कुठून? माझ्या मते तो अंशतः आपल्या मोहीम-वाङ्मयातून आला, ज्यात ‘फिरंगी’ आणि ‘ख्रिस्ती’ हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. चिमाजीअप्पांच्या तहात हे दोन शब्द वेगळे आहेत : एकाला आठ दिवसांत जायचे आहे, दुसऱ्याला राहायची मुभा आहे.

जिंकलेल्या मुलखाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात. पोर्तुगीजांच्या हिशेबी त्यांचे वीस किल्ले, आठ शहरे आणि सुमारे ३४० गावे गेली. त्या आकड्यात आमचे कळंबही असणार. १७४० मध्ये चौलही सुटले. त्याच साली एप्रिलमध्ये बाजीराव आणि डिसेंबरात चिमाजीअप्पा गेले. मुंबईचे इंग्रज या युद्धात कोरडे राहिले. पोर्तुगीजांना त्यांनी पंधरा हजार रुपये कर्ज दिले ते तटावरच्या पितळी तोफा तारण घेऊन, आणि वसई पडताच दोन महिन्यांत कॅप्टन इंचबर्डला चिमाजीअप्पांकडे व्यापाराच्या तहासाठी पाठवले. नफा त्यांचाच झाला. १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी साष्टी घेतली, १७८० च्या डिसेंबरात गोडार्डने वसई घेतली. सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी आली नाही. आणि मग १८०२. पाच हजार माणसे ज्या तटाखाली पडली, त्याच तटाच्या सावलीत एका पेशव्याने सही केली.

अर्नाळ्याच्या दरवाजावर शिलालेख आहे. पाश्चात्यांना मारून समुद्रात जंजिरा उभा करण्याची बाजीरावाची आज्ञा शंकराजीने कशी पार पाडली, ते त्यात पद्यात कोरलेले आहे. ओहोटीला होडीने पलीकडे जाणारा प्रत्येक पर्यटक त्याचा फोटो काढतो. किल्ल्यात चिमाजीअप्पांचा पुतळाही आहे. १७३९ च्या कलमाला दगड मिळालेला मी कुठे पाहिलेला नाही, कागदही पुरेसा मिळालेला नाही. केळकरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती कोणी काढणार असेल, तर तिच्या सुरुवातीला तहाची सगळी कलमे छापावीत, डाव्या पानावर पोर्तुगीज, उजव्या पानावर मराठी. पाने फार लागणार नाहीत.